वाचकांचे प्रश्न : सायकलचे गिअर केबलचे की बॅटरीचे?

प्रश्न : नवी रोड बाइक घ्यायची आहे. एकच फ्रेम दोन प्रकारांत मिळते आहे : शिमानोच्या १०५ गिअरसंचाची केबलवाली आणि १०५ डीआय-टू (बॅटरीवर मोटरने गिअर बदलणारी). दोन्ही बारा स्पीड, म्हणजे मागे बारा चकत्या. रविवारी औट्रम घाट चढून कन्नडपर्यंत जातो. पुढच्या वर्षी २०० किलोमीटरच्या एक-दोन बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करायच्या आहेत. डीआय-टूसाठी वरचे पैसे मोजावेत का?
(एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : घाटासाठी म्हणून मोजू नका. चढावर कामाला येतात ते दाते, आणि ते दोन्हीकडे सारखेच मिळतात. पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दाते, मागच्या चकत्यांना ११ ते ३४ किंवा ११ ते ३६. दुकानात पहिलं हे ठरवा की कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ११-३६ची हवी. पुढे ३४ आणि मागे ३६ असले की पेडलच्या एका फेऱ्यात चाक पुरता एक फेराही फिरत नाही. औट्रमच्या वळणांवर हेच लागतं.

शिमानोने २०२१मध्ये १०५च्या वरचे ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे संच बारा स्पीडचे केले, ते फक्त इलेक्ट्रॉनिक. १०५ डीआय-टू २०२२मध्ये आली आणि १०५ची केबलवाली बारा स्पीड २०२३मध्ये. त्यामुळे केबल की बॅटरी हा पेच आता नेमका १०५ घेणाऱ्यालाच पडतो.

डीआय-टूचं खरं सुख पुढच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आहे. केबलवर ३४वरून ५०वर चेन चढवायची तर डावा लीव्हर चांगला लांबवर ढकलावा लागतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, आणि शेवटच्या तासांत हे ढकलणं मनगटाला कळतं. मोटर तेच काम बटणाच्या दाबावर करते. शिवाय मागचा गिअर बदलला की पुढचा डिरेलर आपणहून जरासा सरकतो, चेन घासत नाही. अंगठ्याचा सांधा दुखतो, बोटांना मुंग्या येतात किंवा पंजा लहान आहे, तर पैसे वसूल.

दुसरं बघा ते फ्रेमकडे. हल्ली बऱ्याच फ्रेममध्ये सगळ्या केबल हँडलच्या आतून हेडसेटमधून (हँडलखालच्या बेअरिंगमधून) खाली जातात. तिथे गिअर केबलला लागोपाठ कडक वळणं पडतात, ती जड होते, आणि बदलायची म्हटलं की अर्धी सायकल खोलावी लागते. अशी फ्रेम असेल तर डीआय-टूच घ्या. केबल बाहेरून येऊन डाउनट्यूबमध्ये (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीत) शिरत असेल तर आमचं मत केबलच्या बाजूने. चाळीसगावात सायकल आडवी पडून आरडी (मागचा डिरेलर) मोडला तर बॅटरीवाला भाग मागवेपर्यंत सायकल घरी उभी राहील, आणि बिलही बरंच मोठं येईल.

प्रश्न : भाऊ, पावसाळ्यापासून माझ्या अकरा स्पीड १०५चे गिअर नीट पडत नाहीत. मोठ्या चकतीवर चेन लगेच चढते, पण उतरताना दोन-तीन पेडल वाट बघते आणि मग एकदम दोन गिअर उतरते. मेकॅनिकने तीनदा ट्यूनिंग करून झालं. मित्र म्हणतो, इलेक्ट्रॉनिक बसव, कटकट संपेल.
(एक वाचक, रावेर)

उत्तर : कटकट संपेल, पण ती काही शे रुपयांतही संपते. तुमचा आरडी बहुधा ठणठणीत आहे. चेन चढते तेव्हा केबल तुमच्या बोटाच्या जोराने ओढली जाते. उतरताना मात्र सगळा भार आरडीच्या स्प्रिंगवर. केबल आउटरमध्ये (बाहेरच्या वेष्टनात) चिकटून चालत असेल तर स्प्रिंगचा जोर पुरत नाही. ‘चढते पण उतरत नाही’ याचा अर्थ घर्षण, आणि घर्षण ट्यूनिंगने जात नाही. ताण कमी केला की उतरेल, पण चढायची थांबेल. मेकॅनिक तीनदा याच फेऱ्यात अडकला असणार. अकरा स्पीडमध्ये दोन चकत्यांच्या मध्यातलं अंतर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असतं, तिथे अर्धा मिलिमीटर चुकलेलाही चालत नाही.

घाण शिरते कुठून? ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, मागचं चाक ती उडवतं, आणि ती थेट आरडीजवळच्या आउटरच्या वळणावर बसते. पाण्याबरोबर आत गेलेली माती ऑक्टोबरच्या उन्हात तिथेच वाळून घट्ट होते.

आधी खात्री करून घ्या. चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा, आरडीवरचा केबलचा बोल्ट सैल करा, केबलचं टोक दोन बोटांत धरून थोडं आत ढकला, परत ओढा. सुरळीत सरकायला हवं. खरखर लागली, अडखळली, तर इनर (आतली तार) आणि आउटर दोन्ही बदला. नुसती इनर बदलून उपयोग नाही, घाण आउटरमध्ये आहे.

इनर १.२ मिलिमीटरची स्टेनलेस, आउटर ४ मिलिमीटरचा गिअरचाच घ्या. ब्रेकचा आउटर ५ मिलिमीटरचा आणि गुंडाळलेल्या तारेचा असतो. तो दाबला जातो, गिअरला लावला की एकही गिअर जागेवर पडत नाही. गिअरचा आउटर पकडीने तोडू नका, केबल कटरनेच कापा. टोक सपाट करा, आतली चेपलेली नळी जाड सुईने उघडा, टोप्या बसवा. आरडीजवळचा तुकडा जुन्याच मापाचा ठेवा. आखूड केला की वळण कडक होतं आणि पुन्हा तेच रडगाणं. केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर जुनी इनर ओढून काढण्यापूर्वी तिच्यावरून बारीक प्लॅस्टिकची नळी आत सरकवा, नाहीतर नव्या केबलला वाट सापडत नाही. केबल ओढून धरा, बोल्ट ६ ते ७ न्यूटन-मीटरवर कसा. मग केबल हाताने दोन-चार वेळा जोरात ताणा म्हणजे टोप्या जागेवर बसतील.

आता ट्यूनिंग. मोठ्या चकतीवर चढायला उशीर होत असेल तर आरडीचा अॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा गोल स्क्रू) डावीकडे पाव फेरा, उतरायला उशीर होत असेल तर उजवीकडे पाव फेरा. एच आणि एलच्या स्क्रूंना हात लावू नका. ते फक्त दोन्ही टोकांच्या मर्यादा ठरवतात, मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही. दोन-चार राइडनंतर पुन्हा पाव फेरा लागेल, ते ठीक आहे.

एवढं करूनही जमलं नाही तर मागून बघा. आरडीची दोन्ही छोटी चाकं चकतीच्या खाली सरळ रेषेत दिसली पाहिजेत. तिरकी दिसली तर हँगर (आरडी फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) वाकला आहे, तो गेज लावूनच सरळ करावा लागतो. ही गोष्ट मित्रालाही सांगा : वाकलेल्या हँगरवर इलेक्ट्रॉनिक आरडीसुद्धा तितकाच वाईट चालतो. हँगर फ्रेमप्रमाणे बदलतो, म्हणून तुमच्या फ्रेमचा एक जास्तीचा घेऊन ठेवा.

इशारा एकच. उजव्या शिफ्टरमध्ये (हँडलवरच्या गिअरच्या लीव्हरमध्ये) जिथे केबलचं डोकं बसतं, तिथे तिचे धागे एकेक तुटत जातात. गिअर रोज थोडे बिघडायला लागले, पुन्हा पुन्हा अॅडजस्टर फिरवावा लागला, की थांबा आणि रबरी हुड मागे सारून बघा. डोकं आत तुटून अडकलं तर काढताना नाकी नऊ येतात. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, इनर बदलून टाका. आउटरमध्ये डिझेल किंवा इंजिन ऑइल सोडायची पद्धत आपल्याकडे फार आहे. तिने मूळचं ग्रीस वाहून जातं आणि धूळ आणखी धरते.

प्रश्न : जुनी अल्टेग्रा डीआय-टू, अकरा स्पीड, सेकंडहँड घेतली. मे महिन्यात कारच्या डिकीत टाकून मालेगावला नेली आणि तिथून सायकलवर परत निघालो. लळिंगच्या अलीकडे पुढचा गिअर बंद पडला, थोड्या वेळाने मागचाही. चार्जिंग आठवड्यापूर्वीच केलं होतं. बॅटरी गेली का?
(एक वाचक, धुळे)

उत्तर : लगेच बॅटरी बदलू नका. आधी पुढचा बंद आणि मग मागचा, हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. पुढच्या मोटरला जास्त ताकद लागते, म्हणून चार्ज उतरला की ती आधी थांबवली जाते. मागचाही थांबला की चेन आहे त्या गिअरवर राहते.

आमचा संशय डिकीवर. सायकल आडवी ठेवताना शिफ्टरचं बटण सीटला किंवा बॅगेला दाबून राहिलं तर यंत्रणा सारखी जागी राहते आणि बॅटरी उतरते. पुढच्या वेळी हँडल असं ठेवा की बटणाला काही टेकणार नाही. निघण्यापूर्वी एखादं बटण अर्धा सेकंद दाबून जंक्शनवरचा (डीआय-टूच्या तारा जोडणाऱ्या डबीवरचा) दिवा बघा. दोन सेकंद स्थिर हिरवा म्हणजे भरलेली, हिरवा पाच वेळा लुकलुकला तर निम्मी, स्थिर लाल म्हणजे पाव, लाल लुकलुकला तर संपली. लाल दिसला की चार्ज केल्याशिवाय निघू नका. भिंतीच्या अडॅप्टरवर दीड तास लागतो, कॉम्प्युटरच्या यूएसबीवर तीन तासांपर्यंत.

उन्हाचंही सांभाळा. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो, बंद कारमध्ये त्याच्याही वर. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावू नका, रात्री लावा.

सायकल पडल्यावर मागचा गिअर हलेनासा झाला आणि दिवा हिरवा असेल, तर धक्क्यापासून वाचायला आरडीने मोटर सोडवून घेतलेली असते. जंक्शनचं बटण लाल दिवा लागेपर्यंत, म्हणजे पाचेक सेकंद, दाबून धरा आणि मग पेडल फिरवा.

प्रश्न : माझ्या सायकलला शिमानोचा नऊ स्पीड सोरा गिअरसंच आहे, रिम ब्रेक. फक्त मागचा डिरेलर इलेक्ट्रॉनिक करता येईल का?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : नाही. शिफ्टर, कॅसेट, चेन सगळंच बदलावं लागेल. त्यातही १०५ डीआय-टूचे शिफ्टर फक्त हायड्रॉलिक डिस्कसाठी येतात, रिम ब्रेकचे हवेत तर अल्टेग्रापासून सुरुवात. तोरणमाळसाठी हलका गिअर हवा असेल तर आरडीवरचा नंबर बघा. आर३००० मालिकेतला लांब पिंजऱ्याचा (छोटी चाकं धरणारी पट्टी लांब असलेला) असेल तर ११-३४ची नऊ स्पीड कॅसेट बसते. चेन जुन्याच लांबीची ठेवू नका : पुढे मोठी, मागे मोठी अशी लावून आधी मोजा, कमी पडत असेल तर नवी लांब घ्या.