नवीन सीएनसी राउटरच्या बेडवर एमडीएफ कोणता लावू, आणि नव्या बोर्डालाही फेसिंग मारावीच लागते का?

मारावीच लागते. बोर्ड आज सकाळी दुकानातून आणलेला असला तरी. फेसिंग म्हणजे बेडवर बसवलेल्या बोर्डाचा वरचा पातळ थर त्याच मशीनच्या बिटने (फिरणाऱ्या पात्याने) कापून काढणं.

तुम्ही लिहिलंय की 4×8 फुटांचं मशीन आलंय, 18 मिमीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणून ठेवलाय, तो स्क्रूने बसवावा की फेविकॉलने, किती दिवस टिकतो, आणि ओळखीचे एक मिस्त्री म्हणतात की नवा बोर्ड सपाटच असतो, त्याला कापून पैसे का घालवायचे. हे शेवटचं वाक्य मी माझ्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की बाकीचं राहू दे, आधी त्याबद्दलच लिहितो.

आमची शेड नागपूरला हिंगणा रोडवर आहे. 2019 साली मी आणि माझ्या काकांनी मिळून मशीन घेतलं. पैसा बहुतेक त्यांचा. काका लकडगंजात तीस वर्षं सुतारकाम केलेले, हाताने रंधा मारून फळी आरशासारखी करणारे. मशीन बसलं, बेडवर बोर्ड चढला, आणि मी फेसिंगचा बिट कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) लावायला घेतला तर काका म्हणाले, "नवा कोरा बोर्ड हाय, काहून खरवडून राह्यला बे? कंपनीतून सपाटच येते ना तो." मी सव्वीस वर्षांचा. बिट परत डबीत ठेवला.

पहिले काही महिने जाळ्या आणि वॉर्डरोबचे शटर कापले. आरपार कापायचं काम असलं की अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे कळत नाही, बिट थोडा जास्त खाली नेला की भागतं. मग मे महिन्यात एका देवळाचं काम आलं. देणगीदारांची पाटी, बल्लारशाच्या सागवानाची, पाच फूट बाय तीन फूट, 90 अंशाच्या टोकदार व्ही-बिटने अक्षरं कोरायची. फळी काकांनी स्वतः जोडून, रंधून, सगळीकडे सारख्या जाडीची करून दिली होती. त्यात कणभर खोट नव्हती, हे आजही सांगतो.

पुढच्या डाव्या कोपऱ्यात झेड झिरो (बिटच्या उंचीचा शून्य) घेतला आणि काम सुरू केलं. तीन तासांनी फळी साफ केली तेव्हा पहिल्यांदा शिरोरेषा दिसली. देवनागरीत चूक लपत नाही, कारण प्रत्येक नावावर एक सरळ रेघ असते आणि डोळा त्या रेघेवरूनच फिरतो. डावीकडे ती 3 मिमीची होती, मधे बारीक झाली, आणि उजव्या मागच्या कोपऱ्याकडे जाता जाता 4 च्या वर गेली. मधल्या ओळींतले अनुस्वार टाचणीच्या डोक्याएवढे उरले होते. लोकांनी वर्गणी देऊन लावलेली नावं होती ती.

काका म्हणाले मशीन खराब आहे, परत कर. मी काही न बोलता फळी उतरवली, स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या मोटरला) उंच-सखल मोजणारं डायल गेज बांधलं आणि बोर्डावर नऊ ठिकाणी फिरवलं. डावा पुढचा कोपरा शून्य धरला तर मधोमध 0.35 मिमी खाली, आणि उजवा मागचा कोपरा 0.6 मिमी वर. 90 अंशाच्या बिटचा हिशोब सोपा आहे: खोली जेवढी बदलते त्याच्या दुप्पट रुंदी बदलते. 0.6 वर म्हणजे रेघ 1.2 मिमी जाड. फळीवर मोजली, तेवढीच निघाली.

मधला खोलगटपणा बेडचा होता. एमडीएफची 8×4 शीट 18 मिमीत साधारण 40 किलोची असते, पण म्हणून ती ताठ राहते असं नाही. स्क्रू आवळले की खाली जसा बेड असेल तसा आकार ती घेते. तो वरचा कोपरा मात्र मशीनचा नव्हता. त्या बाजूच्या खिडकीत आमचा कूलर होता. नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय शेडमध्ये उभं राहता येत नाही. ती ओली हवा आणि अधूनमधून उडणारे थेंब महिनाभर बोर्डाच्या उघड्या कडेवर जात होते. हात फिरवला तर ती कड खरखरीत, फुगलेली लागत होती. कोरडी कड चाकूने कापल्यासारखी लागते.

बोर्ड कारखान्यातून सपाट येतो, हे मान्य. पण तुम्हाला बोर्ड सपाट नकोच आहे. तुम्हाला बिटचं टोक आणि बोर्ड यांच्यातलं अंतर प्रत्येक जागी सारखं हवं आहे. गॅन्ट्रीची (स्पिंडल धरून सरकणाऱ्या आडव्या पुलाची) रेल, बेडची फ्रेम, खालच्या पट्ट्या, या सगळ्यांची छोटी छोटी चूक त्या अंतरात येते, आणि ती काढायची एकच पद्धत आहे: त्याच मशीनने तोच बोर्ड जागेवर बसवून कापायचा. काकांना मी हेही सांगितलं की तुम्ही गिरमिटाने भोक पाडताना खाली टाकाऊ फळीचा तुकडा ठेवता, मागची बाजू फुटू नये म्हणून. त्या तुकड्याला भोक पडलं म्हणून कधी हळहळलात का? बेडवरचा एमडीएफ तोच तुकडा आहे, फक्त आठ फुटांचा.

दुसऱ्या दिवशी कूलर दुसऱ्या खिडकीत नेला, वाईट झालेली कड कापून टाकली आणि बोर्डभर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारल्या. 25 मिमीचा बिट, 0.3 मिमी खोली, दर फेरीला 15 मिमी सरकायचं, मिनिटाला 6 मीटर. पूर्ण शीटला 80 च्या आसपास फेऱ्या होतात, पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. पहिल्या थरानंतर बोर्डाच्या मधे परातीच्या आकारात पेन्सिल तशीच शिल्लक होती, बिट तिथे टेकलाच नव्हता. काका खुर्ची घेऊन ते बघत बसले. दुसऱ्या थराला ती परात गेली. पाटीवरची जुनी अक्षरं काकांनी दोन संध्याकाळी रंधून काढली, त्या दोन दिवसांत ते माझ्याशी बोलले नाहीत. पाटी पुन्हा कोरली, ती आज त्या देवळात आहे. तरी घरात कोणाचं लग्न असलं की पाहुण्यांना सांगतात, "मशीन सुरुवातीला खराब निघालं होतं." मशीन खराब नव्हतं, काका.

आता तुमचं. साधा एमडीएफ पुरतो. प्लाय अजिबात लावू नका, थर आणि पोकळ्या असतात, फेसिंगनंतर कुठे कडक कुठे मऊ लागतो. दुकानदार एचडीएचएमआर नावाचा बोर्ड काढून दाखवेल, तो ओल कमी पितो, महाग आहे, परवडत असेल तर घ्या. चारही कडांना आणि खालच्या बाजूला सीलर मारा. वरून मारू नका, तो थर तुम्ही कापणारच आहात.

फेसिंगच्या आधी स्पिंडल बेडला काटकोनात आहे का ते बघा. वाकडा असेल तर दर फेरीला नखाला लागेल अशी पायरी राहते, आणि मग लोक बोर्डाला दोष देतात. शीट 1220×2440 मिमीची आणि मशीनचा प्रवास (बिट जिथवर पोचतो तो भाग) 1300×2500 चा असेल तर बिट कडेच्या बाहेर जातो, काही अडचण नाही. बोर्ड प्रवासापेक्षा मोठा असेल तर चारी बाजूंना न कापलेला काठ उरतो आणि मोठा माल त्या काठावरच टेकतो. तेव्हा बोर्ड छोटा करा.

माल धरायला क्लॅम्प आहेतच. छोट्या तुकड्यांना मी दोन्हीकडे मास्किंग टेप लावून मधे फेविक्विक टाकतो, निघताना स्वच्छ निघतं. आणि प्लाय आरपार कापायचा असेल तर झेड झिरो मालावरून घेऊ नका, बोर्डावरून घ्या. 18 चा म्हणून घेतलेला प्लाय 17 च्या जवळही निघतो. बोर्डात 0.2 मिमी घुसलं की पुरे.

हे सगळं लाकूडकामासाठी. ॲल्युमिनियमवर तेल-पाणी मारून काम करणार असाल तर एमडीएफ लावू नका, भिजून वाया जाईल. व्हॅक्यूम बेड (खालून हवा ओढून माल धरणारा) असेल तर सांगितलेलं अर्धं बदलतं: तिथे दोन्ही बाजूंचा कडक थर काढावा लागतो, नाहीतर हवा ओढली जात नाही, आणि खालून सीलर मारायचा नाही, फक्त कडांना. फेसिंगची धूळ पिठाहून बारीक असते, डस्ट कलेक्टर असला तरी मास्क लावा. आम्ही पावसाळा सुरू झाल्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा फेसिंग मारतोच, नाजूक कोरीव काम आलं की त्याआधी वेगळी.

फेविकॉल नको, बोर्ड बदलताना बेड खरवडत बसाल. बेडच्या टी-स्लॉटमध्ये (टी आकाराच्या खाचेत) नट सरकवून वरून बोल्ट लावा, शक्यतो नायलॉनचे, म्हणजे चुकून बिट लागला तरी तुटत नाही. डोकी 10 मिमी खोल बुडवा. प्रत्येक फेसिंगला बोर्ड पातळ होतो आणि ही डोकी वर येत जातात, म्हणून आमच्या मशीनच्या पॅनेलवर मार्करने लिहिलेलं आहे: बोल्ट किती खाली, आजवर किती कापलं, तारीख. शेवटची नोंद काकांच्या अक्षरात आहे.