जरा टेकलं की धास्ती वाटते

दिवाळी उरकली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. "सगळं आवरलं, पाहुणे गेले, आता निवांत बसावं म्हटलं तर बसवतच नाही. छातीत धडधडतं. काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं." सांगणाऱ्यांत बायका जास्त, पण अलीकडे पन्नाशीच्या आसपासचे पुरुषही हेच सांगतात. आणि पाठोपाठ बहुतेकांचा प्रश्न असतो, हे डिप्रेशन आहे का?

अशाच एका बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या, वय ४६, आयटी कंपनीत टीम सांभाळणाऱ्या. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्या गेल्या वर्षी वारल्या. मुलगा या जूनमध्ये शिकायला बाहेरगावी गेला. यंदा वर्षश्राद्धानंतरची पहिली दिवाळी म्हणून सगळं साग्रसंगीत केलं. तुळशीचं लग्न झालं. त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं, त्या सोफ्यावर टेकल्या आणि थोड्याच वेळात उठून माळा आवरायला लागल्या. "माळा दिवाळीआधीच आवरला होता, मॅडम," एवढं म्हणून त्यांना रडू कोसळलं.

इंटरनेटवर त्यांनी हिवाळ्यातल्या नैराश्याबद्दल वाचलं होतं आणि आपल्याला तेच झालंय असं ठरवून त्या आल्या होत्या. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल यांनी १९८४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. दिवस खूप लहान होतात, ऊन मिळत नाही, तिथे तो जास्त आढळतो. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो. पुण्यात सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो, आणि ऊन तर भरपूर. म्हणून मी त्यांना ऋतूबद्दल नाही, त्यांच्याबद्दल विचारलं. झोप उडाली आहे का? जेवण कमी झालंय का? दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास असतं का? आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्यात का? यातलं काही "हो" असतं, तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र भेटीची वेळ मिळेपर्यंतही थांबू नये. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

त्यांचं तसं नव्हतं. मैत्रिणींत बसून त्या खळखळून हसत होत्या. हात रिकामे झाले की तेवढ्यापुरती धास्ती.

ही धास्ती जगावेगळी नाही. हायडे आणि बोर्कोव्हेक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं की, सदैव ताणात असलेल्या काही माणसांना शरीर सैल सोडायला शिकवलं, तर त्यांची बेचैनी उलट वाढते. वर्षानुवर्षं पहाऱ्यावर असलेल्या माणसाला "आता झोप" म्हटलं, तर त्याचे कान आणखी टवकारतात. सतत काळजी करणारं मन शांतताच टाळतं. निश्चिंत असताना अचानक धक्का बसण्यापेक्षा आधीपासून तयारीत राहिलेलं त्याला बरं वाटतं.

मी विचारलं, "तुम्ही निवांत असताना कधी काही झालं होतं का?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग सांगितलं की, एका संध्याकाळी सासूबाईंचा डोळा लागला म्हणून त्या चहा घेऊन बाल्कनीत बसल्या होत्या. दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात आतून पडल्याचा आवाज आला. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर सासूबाई उठल्या नाहीत.

इथे मला सगळं उलगडलं. निवांत बसणं म्हणजे कुणीतरी पडणं, ही गाठ त्या दिवशी बसली होती.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी उपाय पुष्कळ केले होते. ध्यानाचं अ‍ॅप. रोज तळजाईच्या टेकडीवर फिरणं, तेही घड्याळात पावलं मोजत. हिवाळ्यात करायच्या गोष्टींची यादी: हुरडा पार्टी, सवाई गंधर्व संगीत महोत्सव, दोन ट्रेक. १९५३ पासून चालत आलेला सवाई पुण्याच्या डिसेंबरचं वैभव आहे, हुरडाही मला प्राणप्रिय आहे. पण पुण्यातला हिवाळा हल्ली शनिवार-रविवारच्या बुकिंगने गच्च भरून टाकतात, आणि अशा माणसाच्या दृष्टीने तो पुन्हा पहाराच होतो. म्हणून ती यादी आम्ही बाजूला ठेवली. घड्याळही.

सुरुवात मटाराने केली. मंडईत या दिवसांत मटार, पावटा, आवळे यायला लागतात, पुढे तुरीच्या शेंगा, ओला हरभरा. सकाळी बाल्कनीत उन्हाकडे पाठ करून बसायचं आणि शेंगा सोलायच्या. फोन आत. सोललेले विकत मिळतात हे मलाही माहीत आहे. पण हात गुंतलेला आणि घाई कसलीच नाही, असं काम मला हवं होतं. धडधड सुरू झाली तर उठायचं नाही, आणखी दहा शेंगा सोलायच्या, ती वाढते आणि आपोआप ओसरते हे बघायचं. वैशाखात ही बैठक जमली नसती. कार्तिक-मार्गशीर्षातलं कोवळं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, म्हणून माणूस बसून राहतो.

दुसरी गोष्ट, दिवसभरात जे बरं वाटलं ते रात्री नवऱ्याला एका वाक्यात सांगायचं. फ्रेड ब्रायंट या मानसशास्त्रज्ञाने सुखाचा आस्वाद घेण्यावर बरंच काम केलं आहे. आनंद कुणाला सांगितला की तो जास्त मुरतो, हे त्यातून दिसतं. पहिले काही दिवस त्या "आज काही नाही" एवढंच म्हणाल्या. मग एकदा नवराच सकाळी फिरून येताना बुचाची फुलं ओंजळभर वेचून घेऊन आला. लांब देठांची ती फुलं दोऱ्याशिवाय विणता येतात, हे त्यांच्या हातांना शाळेपासून आठवत होतं. वेणी झाली. त्या रात्रीचं वाक्य चांगलं लांबलं.

शेंगा कायमची कुबडी होऊ नये, म्हणून पुढे मी त्यांना रिकाम्या हातांनी, फक्त चहा घेऊन बसायला सांगितलं. तेच त्या टाळत आल्या होत्या. पहिल्या दिवशी चहा निवून गेला. नंतरच्या भेटीत म्हणाल्या, "धडधड कमी झाली, पण आईंची फार आठवण आली. इतकी रडले मी." तीन वर्षं सेवा, मग दिवसकार्य, मग वर्षश्राद्ध, यात रडायला सवड मिळालीच नव्हती. आपल्याकडे शांत बसायची जी भीती वाटते तिच्याखाली पुष्कळदा असं साठलेलं असतं, आणि सुखाच्या आधी ते वर येतं. ते येऊ द्यावं लागतं. त्यानंतरच्या भेटींत आम्ही मटाराबद्दल कमी आणि सासूबाईंबद्दल जास्त बोललो.

रविवारी ऑफिसचे मेसेज न बघणं त्यांना अजून जमत नाही, त्यावर काम चालू आहे. संक्रांतीला दरवर्षी त्यांच्याकडे तीस माणसं जेवायला असतात. यंदा भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या दोघांपुरत्याच करणार, असं त्यांनी नणंदेला कळवलं आहे.