खेड्यात आयुष्य काढलेल्या पाळकाबद्दल स्मरणिकेत काय लिहावं?

तुमचे आजोबा नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होते, जन्मशताब्दीची स्मरणिका काढायचीय, फोटो आणि नेमणुकांची यादी जमलीय, पण 'जीवन आणि विश्वास' या पानावर काय लिहावं ते सुचत नाही, असा तुमचा प्रश्न.

ते पान अजून कोरं आहे हे बरंच झालं. आमच्याकडच्या स्मरणिका मी पुष्कळ वाचल्यात. बालपण हलाखीत, तरुणपणी पाचारण, मग अमक्या मंडळीत (म्हणजे गावच्या चर्चमध्ये) इतकी वर्षं, तमक्या मंडळीत तितकी, देवळाचा जीर्णोद्धार, कंपाउंडची भिंत, बिशपसाहेबांशेजारी उभं राहून काढलेला फोटो, शेवटी 'प्रभूच्या ठायी निद्रिस्त'. नाव बदला, कुठल्याही पाळकाला चालेल. माझ्या वडिलांची निघाली तीही अशीच. काढणारे माझे थोरले बंधू आणि मंडळीच्या कमिटीतले दोघे. मी लिहून दिलेला मजकूर त्यांनी सरळ गाळला. तो इथे लिहितो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल.

वडील नेवासा तालुक्यात होते. आधी मिशनच्या शाळेत मास्तर, मग दीक्षा होऊन पाळक. गावातले इतर लोक शेवटपर्यंत त्यांना मास्तरच म्हणायचे, मंडळीतले 'सलाम पाळकसाहेब'. सायकलच्या कॅरिअरला बायबल आणि 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक बांधलेलं, रविवारी सकाळी एका गावात उपासना आणि दुपारी दुसऱ्या. कीर्तन फार चांगलं करायचे. ना. वा. टिळकांचे अभंग तोंडपाठ, तुकोबांचेही. टिळकांनी म्हटलंय की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. वडील म्हणायचे, मी तर रोज त्या पुलावरून सायकल नेतो. कमिटीला हे कधीच आवडलं नाही, पण मुद्दा तो नाही.

मुद्दा 1972 च्या दुष्काळाचा. खडी फोडायची कामं, पाझर तलावाची कामं, कामावर मिळणारी सुखडी, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. आमच्या देवळाच्या आवारात मदतीचा गहू आणि दुधाची पावडर उतरायची आणि वाटपाची यादी वडिलांकडे असायची. यादीत आधी मंडळीतली घरं घ्यावीत असं कमिटीचं म्हणणं. वडिलांनी वस्त्या-वस्त्या फिरून खाणारी तोंडं मोजली आणि त्याप्रमाणे यादी केली. पाळकाच्या चुलीवर त्यातला दाणा शिजणार नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. पगार तर कधी वेळेवर यायचाच नाही. त्यामुळे आई मिलोच्या भाकरी थापायची. मिलोची भाकरी तव्यावर टाकतानाच मोडते. या नियमाबद्दल आईचं काय मत होतं ते मी इथे लिहीत नाही, अजून नातेवाईक हयात आहेत.

1973 च्या उन्हाळ्यात मातंग वस्तीतली काही घरं संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, "मास्तर, आम्हाला तुमच्यात घ्या." वडिलांनी त्यांना आधी पाणी दिलं, तेही टँकरचं. मग म्हणाले, "गहू आत्ता घेऊन जा. बाप्तिस्म्याचं पाऊस पडल्यावर बोलू." शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचं त्यांनी समजावून सांगितलं. ख्रिस्ती झालात की अनुसूचित जातीची सवलत जाते, पोरांच्या शाळेचं, नोकरीचं काय करणार ते घरी बोलून ठरवा. असं सांगणारा दुसरा पाळक मी पाहिलेला नाही. बहुतेक जण तेवढा भाग गिळून टाकतात आणि पुढे लोकांना तहसील कचेरीत जाऊन कळतं.

कमिटी चिडली. वर्षाचा अहवाल वर पाठवायचा, त्यात बाप्तिस्म्यांचा रकाना, आणि तोवर तो रिकामाच. घरी येऊन एकाने टेबलावर हात आपटला होता, ते मला स्पष्ट आठवतं, कारण दौत सांडली. वडिलांनी योहानाचा सहावा अध्याय उघडून पुढे सरकवला. पाच हजारांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक शोधत येतात, तेव्हा प्रभू तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. कमिटीवाल्याने प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काढला. रस्त्यात भेटलेला एक कूशी, म्हणजे इथियोपियाचा, षंढ सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला म्हणतो, हे बघ पाणी, आता मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय? वडील म्हणाले, "आपल्याकडे पाणी कुठंय?"

हा विनोद माझ्या बंधूंना अजूनही पाखंड वाटतो. त्यांचा मुख्य आक्षेप मात्र वजनदार आहे. आमचे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. त्या दुष्काळात आणि त्याआधीच्या 1876-78 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात किती घरं मिशनकडे आली हे या भागातल्या प्रत्येक ख्रिस्ती घराला माहीत असतं, लोकांसमोर बोललं जात नाही एवढंच. बंधू म्हणतात, पणजोबांना असाच कुणी 'पावसानंतर या' म्हणाला असता तर आपण कुठे असतो?

याचं उत्तर वडिलांनी प्रवचनात दिलेलं आहे, बंधू त्या रविवारी पुण्याला होते. वडील म्हणाले होते, माझा आजा पोटासाठी आला आणि देवाने त्याला ठेवून घेतलं, याची मला लाज नाही. लाज एका गोष्टीची आहे. शाळेत मला 'दुष्काळी' म्हणायचे आणि मला उत्तर देता यायचं नाही, कारण आज्याला धान्य देणारा आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच होता. माझ्या हाताने पुन्हा तसं होऊ नये. भुकेल्या माणसाच्या विश्वासाबद्दल त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. संशय होता तो यादी हातात असलेल्या माणसावर, आणि तो माणूस ते स्वतः होते. विश्वास म्हणून मला दाखवायचा तो एवढाच प्रसंग आहे. तो गाळून कंपाउंडच्या भिंतीचा खर्च छापला.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला. वस्तीतली मोजकीच घरं परत आली, त्यांचे बाप्तिस्मे नाताळच्या आधी झाले. काहींना तोवर दुसऱ्या पंथाच्या लोकांनी जीपमधून नेऊन बाप्तिस्मा देऊन आणलं होतं. बाकीचे आलेच नाहीत. बंधू याला 'गमावलेले आत्मे' म्हणतात. वडिलांनी त्यावर काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पुढच्या कापणीच्या सणाला त्या न आलेल्या घरांतून बाजरीची कणसं आणि एक कोंबडा देवळात आला, लिलावात तो कोंबडा वडिलांनीच चढ्या बोलीने घेतला आणि आईने पुन्हा काहीतरी ऐकवलं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. माहितीसाठी सर्वांत आधी मंडळीची रजिस्टरं बघा: बाप्तिस्मा, लग्न, दफन. रिकामी वर्षंही टिपून घ्या, तिथे बहुधा भांडण सापडतं. 1970 साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या त्यात गेल्या, त्यामुळे आजोबांचे कागद दोन वळणांचे असणार. अलीकडचे डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या कार्यालयाकडे, आधीचे मिशनच्या नावाने. मिशनचा पत्रव्यवहार अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथालयात आहे, पण खेड्यातल्या पाळकाच्या घरात काय शिजत होतं हे त्यात शोधायला जाऊ नका. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 पासून निघतंय, त्याचे जुने अंक कुणाकडे मिळाले तर मृत्युवार्ता आणि मंडळ्यांच्या बातम्या चाळा. आजोबांची कीर्तनाची वही असेल तर ती सोन्याची. बायबलच्या समासात पेन्सिलीने काय लिहिलंय तेही बघा.

आणि मंडळीबाहेरच्या म्हाताऱ्यांना भेटा. मंडळीतले 'देवमाणूस होते' म्हणून मोकळे होतात. मी त्या वस्तीतल्या एका आजोबांना भेटलो होतो, ओट्यावर आलेल्यांपैकी ते एक. मला वाटलं होतं कौतुक करतील. ते म्हणाले, "मास्तरांनी आम्हाला त्या दिवशी घेतलं नाही. आमचं खरं नाही असं त्यांना वाटलं. गहू दिला, पण ते मनाला लागलं." हेही मी माझ्या मजकुरात लिहिलं होतं. कमिटीने ते वडिलांची बदनामी म्हणून काढलं, आणि गंमत म्हणजे ते बंधूंच्या बाजूचं होतं!

एक सांगायचं राहिलं. तुमच्या आजोबांच्या आयुष्यात असा प्रसंग नसेलही. साधेपणाने उपासना घेणारे, आजाऱ्याच्या खाटेशी बसणारे, कुणाशी न भांडलेले पाळकही असतात आणि ते कमी नव्हेत. मग उगाच दुष्काळ शोधत बसू नका. आणि आजी हयात असतील तर हे पान त्यांनाच सांगायला लावा. पाळकाच्या विश्वासाचा खर्च पाळकिणीच्या स्वयंपाकघरातून जातो, आमच्या स्मरणिकेत आईचं नाव फक्त 'सुविद्य पत्नी' म्हणून आलंय.

बंधू हे वाचतील, कारण त्यांचा मुलगा या साइटवर आहे. त्यांना कळवतो की 1973 चं रजिस्टर मी पळवलेलं नाही, ते देवळाच्या लोखंडी कपाटातच आहे, किल्ली कमिटीकडे. आणि फिलिप्प व षंढाचं वचन मला पुन्हा व्हॉट्सॲपवर पाठवू नये. त्या रस्त्यावर फिलिप्पाच्या हातात गव्हाची यादी नव्हती.