नाच येतो, आता कॅमेरा शिकू दे

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. राजारामपुरीतल्या डान्स क्लासला लहानपणापासून जाते. परीक्षा झाली की मुंबईला जाऊन ग्रुप डान्सर व्हायचं आणि पुढं प्रभुदेवासारखं दिग्दर्शक व्हायचं, असं म्हणते. पाठवू का? – एक वडील, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. स्वप्न चांगलं आहे, ते मोडू नका. पण लगेच मुंबईला पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रभुदेवाचे वडील मुगूर सुंदर हे दक्षिणेतले नावाजलेले डान्स मास्टर. म्हणजे शिक्षण घरातच. तरीही १९८९ मध्ये नृत्यदिग्दर्शन सुरू केलेल्या या माणसाचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, तोही तेलुगू, २००५ मध्ये आला. हिंदीत यायला २००९ उजाडलं. फराह खानलाही कोरिओग्राफरची दिग्दर्शक व्हायला १९९२ ते २००४ इतका काळ लागला.

या काळात त्यांनी काय केलं, ते मुलीला सांगा. आपल्याकडे गाण्याच्या शूटिंगला सेटवर बहुतेक वेळा कोरिओग्राफरचाच शब्द चालतो. कॅमेरा कुठून फिरेल, शॉट कुठल्या ओळीवर तुटेल, हिरोइनचा चेहरा कधी आणि मागची रांग कधी दिसेल, हे तोच ठरवतो. दिग्दर्शनाचे धडे इथेच गिरवले जातात. नुसत्या स्टेप्स बसवणाऱ्याला ते मिळत नाहीत.

म्हणून या सुट्टीत तिला एक काम द्या. क्लासमधल्या मैत्रिणींना घेऊन एकच कडवं मोबाईलवर तीनदा शूट करायचं : एकदा सगळा ग्रुप, एकदा फक्त पाय, एकदा फक्त चेहरे. मग ते एडिट करून जोडायचं. हात वर जाताना कट बसला आणि पुढच्या शॉटमध्ये तोच हात खाली दिसला, की तिला आपोआप कळेल काय चुकलं. यात ती रात्र रात्र रमली, तर तिची ओढ खरी समजा.

पदवी मात्र होऊ दे. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थेत दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागातही चौकशी करा. कोल्हापूरच्या चित्रनगरीत शूटिंग असेल तेव्हा ओळखीनं सहायकाचं काम मिळालं तर उत्तमच. व्ही. शांताराम याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करत शिकले.

पदवीनंतर मुंबईला जाईल तेव्हा ग्रुप डान्सर म्हणून दोन-तीन वर्षं, मग एखाद्या मास्टरची असिस्टंट, असा क्रम धरा. काम रोज मिळत नाही, त्यामुळं काही महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. आणि गाण्यात घेतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.