मराठी माध्यमातली मुलगी आणि रेडिओवरचं इंग्रजी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पायलट नाहीतर एटीसीच (विमानांना जमिनीवरून सूचना देणारी कंट्रोलर) व्हायचं म्हणते. एका क्लासने ‘एव्हिएशन इंग्लिश’चा कोर्स सुचवलाय. दोन हजार शब्दांची यादी पाठ करून घेतात, फी 45 हजार. आमच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. कोर्स लावू का? – एक आई, बार्शी

नमस्कार ताई,

आत्ता नको.

वैमानिक आणि कंट्रोलर रेडिओवर एकमेकांशी बोलतात, त्यात रोज लागणारे ठरीव शब्द मोजकेच असतात. रॉजर, विल्को, अफर्म, निगेटिव्ह, स्टँडबाय, से अगेन, लाइन अप अँड वेट अशी ही भाषा. फ्लाइंग स्कूलमध्ये आणि आरटीआर या रेडिओ परवान्याच्या तयारीत ती घोटून घेतातच. त्यासाठी बारावीच्या वर्षात 45 हजार घालवायची गरज नाही.

खरी कसोटी वेगळी आहे. इकाओ या जागतिक संघटनेने वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीच्या 6 पातळ्या ठरवल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामासाठी किमान चौथी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा 6 गोष्टी तपासतात, आणि त्यांतली सर्वांत कच्ची गोष्ट जिथे असेल तीच तुमची पातळी. म्हणजे दोन हजार शब्द तोंडपाठ, पण ऐकलेलं कळत नाही, तर निकाल तिसरी. आणि चौथ्या पातळीला मातृभाषेची छटा चालते, समोरच्याला सहसा अडचण येऊ नये इतकंच. नेमका शब्द नाही आठवला तर तेच साध्या शब्दांत सांगता यावं, ही अपेक्षा. ‘नोज गिअर’ सुचलं नाही आणि ती ‘द फ्रंट व्हील इज नॉट कमिंग डाउन’ म्हणाली, तरी काम होतं. बार्शीची मुलगी बार्शीच्या सुरात बोलली म्हणून कुणी नापास करत नाही. क्लासवाले ‘अ‍ॅक्सेंट’ची भीती घालतात, तिकडे दुर्लक्ष करा.

आकलनावर एवढा भर का, हे आपल्याच देशात दिसलं होतं. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन 349 माणसं गेली. कझाक विमानाला 15 हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. त्या कॉकपिटमध्ये दिल्लीशी बोलायला स्वतंत्र रेडिओ ऑपरेटर होता, आणि चौकशीत त्या मंडळींच्या कच्च्या इंग्रजीवर बोट ठेवलं गेलं. इकाओचे आजचे भाषेचे नियम आले त्यामागे अशा अपघातांचा वाटा मोठा आहे.

पण दुसरी बाजूही आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल ठरीव शब्दांना किंमतच नाही. 25 जानेवारी 1990 ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं आव्हियांका कंपनीचं विमान तासाहून जास्त वेळ आकाशात ताटकळत राहिलं. इंधन संपत आलंय असं वैमानिकांनी सांगितलं, प्राधान्यही मागितलं, पण रेडिओवर ‘इमर्जन्सी’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. विमान इंधनाअभावी कोसळलं, 73 जण दगावले. म्हणून ते थोडे शब्द झोपेतही चुकता कामा नयेत. दोन हजारांच्या यादीत तेच बुडून जातात.

आता तुमच्या मुलीने काय करावं? सगळ्यात आधी आकडे. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी घेतो, इंग्रजीत वीस आधी, आणि रेडिओवर तर बहुतेक आकडे सुटे सुटे येतात : टू फाइव्ह झीरो. मनातल्या मनात मराठी करत बसलं की पुढचं वाक्य निसटतं. इथे तुमचीच मदत लागेल. रोज पोळ्या लाटताना तिला इंग्रजीत पाच-सहा सुटे आकडे एका दमात सांगा, तिने न लिहिता तसेच्या तसे परत म्हणावेत. यालाच ‘रीडबॅक’ म्हणतात, वैमानिकाला तो आयुष्यभर करायचा असतो. तुम्हाला झीरो ते नाइन येतात ना, मग झालं. जोडीला रोज एखाद्या चित्राचं तिने इंग्रजीत तोंडी वर्णन करावं, अडलं तर वळसा घेऊन पुढे जावं. परदेशी विमानतळांवरचे संवाद इंटरनेटवर ऐकायला मिळतात. आधी काही कळणार नाही, कळेपर्यंत ऐकू दे.

वाटांचं थोडक्यात. पायलटसाठी बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मेडिकल आणि 200 तासांचं उड्डाण. खर्च 50 लाखांच्या घरात किंवा वर, त्यामुळे बँकेत जाण्याआधी मेडिकल करून घ्या, चष्म्यानेही न सुधारणारा डोळ्यांचा किंवा रंगओळखीचा दोष निघाला तर पुढचं सगळंच अडू शकतं. एटीसीला हा खर्च नाही. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग, मग विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा आणि आवाजाची चाचणी. प्रशिक्षणाचं एक केंद्र आपल्या गोंदियातही आहे. खर्चाचा विचार करता मी एटीसीकडे झुकेन, पण मुलीला विचारून ठरवा.

क्लासवाले ‘या आठवड्यात भरा, सवलत संपतेय’ म्हणून फोन करतील. बारावीचा निकाल आणि मेडिकल झाल्यावर बघू, असं सांगून टाका.