पक्षी ओळखणारे तंत्र रोगही कसे ओळखते?

प्रश्न : छायाचित्रावरून पक्षी ओळखणारे आणि वैद्यकीय प्रतिमांवरून रोग ओळखणारे संगणकीय तंत्र मुळात एकच असते, असे वाचनात आले. हे कसे शक्य आहे? आणि एका अभ्यासात अचूक ठरलेले तंत्र सर्वत्र तितकेच अचूक मानावे का?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. पिसारा असो वा पेशी, संगणकापुढे दोन्ही अंकांच्या तक्त्यांच्या रूपातच येतात. कन्व्होल्युशनल न्यूरल नेटवर्क म्हणजे चित्रे एकामागून एक थरांतून तपासत उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना; तिचे सुरुवातीचे थर कडा, रंगबदल आणि पोत टिपतात, तर पुढचे थर त्यांतून आकार जुळवतात. कडा आणि पोत प्रत्येक चित्रात असल्यामुळे एका कामासाठी शिकलेले थर दुसऱ्या कामालाही उपयोगी पडतात. त्वचेच्या कर्करोगावरील ज्या अभ्यासाची २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्धी झाल्यावर बरीच चर्चा झाली, त्यातील नेटवर्क आधी सुमारे १२.८ लाख सर्वसाधारण छायाचित्रांवर शिकवलेले होते आणि त्यांत पक्ष्यांच्या अनेक जातीही होत्या. त्वचेची सुमारे १.२९ लाख चित्रे त्याला नंतर दाखवण्यात आली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील तीन संस्थांच्या दीड लाखांहून अधिक एक्स-रे प्रतिमांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की न्यूमोनिया ओळखायला शिकवलेले नेटवर्क प्रतिमा कोणत्या रुग्णालयातील आहे, हेही जवळजवळ बिनचूक ओळखू शकत होते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण इतरांपेक्षा खूपच जास्त असल्यामुळे फुफ्फुसांकडे फारसे न पाहताही, केवळ रुग्णालय ओळखून, बरेचसे गुण मिळवण्याची सोय त्याला आपोआप झाली होती. परक्या रुग्णालयांच्या प्रतिमांवर त्याची कामगिरी बहुतेक वेळा घसरली, यात नवल नाही.

पक्षी-अभ्यासातही हाच धोका असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रेट टिट, झेब्रा फिंच आणि समूहाने घरटी बांधणारे सुगरणवर्गीय पक्षी यांच्यातील एकेक पक्षी अशाच नेटवर्कला छायाचित्रांवरून ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने वेगळा ओळखता आला. पायात ओळखीची कडी अडकवण्यासाठी पक्ष्यांना वारंवार पकडावे लागू नये, या दृष्टीने हे यश मला फार मोलाचे वाटते. तथापि पिसे झडून नवी आल्यावरही तीच ओळख टिकेल, असे त्यावरून धरून चालता येत नाही. म्हणून अचूकतेचा आकडा वाचताना चाचणीची चित्रे वेगळ्या जागेची, वेगळ्या काळातील आणि वेगळ्या कॅमेऱ्याची होती का, हे आधी पाहावे.

जाता जाता, हा दोष केवळ यंत्राचा नाही. २०१५ मध्ये कबुतरांना स्तनाच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकातून घेतलेली चित्रे दाखवून कर्करोग ओळखायला शिकवले गेले, तेव्हा त्यांनी पूर्वी न पाहिलेली चित्रेही उत्तम ओळखली; पण मॅमोग्रामवरील (स्तनाच्या एक्स-रेवरील) गाठींच्या बाबतीत त्यांनी शिकवणीची चित्रे तेवढी पाठ केली आणि नवी चित्रे समोर येताच त्यांची उत्तरे अंदाजपंचे ठरली.