डोळ्यात चिप बसवायला वावर विकायचं का?

तुमचा प्रश्न असा : बाबा 54 वर्षांचे, आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा, आता समोर धरलेली बोटंही मोजता येत नाहीत. डोळ्यात चिप बसवून आंधळ्या माणसाला दिसायला लागल्याचा व्हिडिओ तुमच्याकडे आला, तर त्यासाठी तीन एकरांतले दोन एकर काढायचे का?

नका काढू, भाऊ. पैसे घेऊन निघालात तरी बाबांच्या आजारासाठी ती चिप आज विकत मिळत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासतो, पण हा आजार मी आधी घरात पाहिला. माझे मोठे बाबा तिशीतच दिवेलागणीला वावरातून येताना धुऱ्यावरून पडायचे. गावानं ठरवून टाकलं की हा पिऊन येतो. पुढे दिवसाही तसंच. ताटातली भाकर दिसायची, ताटाशेजारचा गडवा नाही. रोज हात लागून पाणी सांडायचं आणि रोज मोठी आई चिडायची.

या आजारात डोळ्याच्या पडद्यातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी मरतात. आधी अंधारात कामी येणाऱ्या दंडपेशी, मग शंकुपेशी. त्यांच्या मागच्या चेतापेशी मात्र बऱ्याच प्रमाणात जिवंत राहतात. चिपचा सगळा खेळ या उरलेल्या पेशींवर आहे.

एक करून पाहा. डोळा मिटा आणि कानाकडच्या कोपऱ्यावर पापणीवरून अगदी हलकं बोट टेकवा. नाकाच्या बाजूला उजेडाचं कडं दिसेल. (एकदाच करा, चोळत बसू नका.) बाहेर उजेड नाही, तरी दिसला, कारण पडद्यावर दाब आला आणि पेशींनी मेंदूला निरोप धाडला. निरोप उजेडानं आला की बोटानं, हे मेंदू विचारत नाही. विजेचंही तसंच. चेतापेशीच्या आवरणाच्या आत-बाहेर थोडा विद्युतदाब असतो. बाहेरून विजेचा बारीक ठोका बसला की आवरणातली सोडियमची दारं उघडतात आणि पेशी पेटते. ठोका द्यायचा तोही एकदा उलटा, एकदा सुलटा, दोन्ही सारखेच. नाहीतर तारेच्या टोकाशी रासायनिक क्रिया होऊन पडदाच खराब होतो.

तुमच्या बाबांच्याच आजारासाठी असलेलं यंत्र म्हणजे आर्गस 2. अमेरिकेत त्याला 2013 मध्ये मान्यता मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला डबी आणि पडद्यावर ठोकलेली 60 इलेक्ट्रोडची पट्टी. आता हिशेब करा. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे तंतू दहा लाखांच्या आसपास, आणि त्यांना जागं करायला टोकं 60. त्यातही वीज नेमक्या जागी थांबत नाही. वरून जाणारे दुसरेच तंतू पेटतात आणि ठिपक्याऐवजी लांब रेघ दिसते. पडद्यात काही पेशी ‘उजेड वाढला’ सांगणाऱ्या, काही ‘उजेड कमी झाला’ सांगणाऱ्या. ठोक्यानं दोघी एकदमच बोलतात. एका घरचा दिवा लावायचा आहे आणि खटका मात्र डीपीवर, अशी गत. म्हणून त्या लोकांना दरवाजाची चौकट किंवा पांढऱ्या भिंतीपुढून गेलेला माणूस कळायचा, चेहरा नाही. चाचणीतली सगळ्यात चांगली नजर 20/1260 होती, म्हणजे धड डोळ्याला 1260 फुटांवरून दिसेल ते यांना 20 फुटांवरून.

आणि 2019 मध्ये कंपनीनं ते बनवणंच थांबवलं. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं, त्यांनी दुरुस्तीला कोणाकडे जायचं? मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा प्रिमाचा असावा. ती 2 मिलिमीटरची, बिनतारी चिप पडद्याच्या खाली बसते. चष्म्यातून येणाऱ्या अवरक्त किरणांवर तिचे 378 ठिपके स्वतःच वीज तयार करतात. 2025 मध्ये तिचा अभ्यास छापून आला : 38 जणांना बसवली, वर्षभरानं तपासलेल्या 32 पैकी 26 जणांना तक्त्यावरची अक्षरं आधीपेक्षा स्पष्ट वाचता आली. काम खरंच मोठं आहे. पण ते सगळे म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजलेले रुग्ण होते. बाबांचा आजार वेगळा.

त्यापेक्षा बाबांना एकदा पडदातज्ज्ञाकडे न्या. या आजारात मोतीबिंदू लवकर येतो, कधी पडद्याच्या मध्यभागी पाणी धरतं, आणि या दोन्हींवर उपचार होतात. मोठ्या बाबांचा मोतीबिंदू काढल्यावर त्यांना खिडकी कुठे आहे ते पुन्हा कळू लागलं. अपंगत्वाचा दाखला नसेल तर काढून घ्या. तुम्ही स्वतः आणि भावंडं, विशेषतः आई-बाबांचं लग्न नात्यातलं असेल तर, रातांधळेपणासाठी डोळे दाखवून या.

शेवटची तपासणी कधी झाली आणि कागदावर मोतीबिंदूचं काही लिहिलंय का, तेवढं कळवा.